लाल रांगेतले काका

“नमस्कार, हॉस्पिटलमधून बोलतेय. काका जाऊन किती दिवस झाले, तेवढं फक्त सांगा,” असं म्हणून ती पेन सरसावून बसली.

पलीकडे कुणीतरी खाकरलं. “कोण काका?”

तिने पेशंटचं नाव सांगितलं.

“मग मीच तो. कुठे गेलो म्हणता मी?”

तिने घाईघाईने यादीतलं नाव पुन्हा पाहिलं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन चार वर्षं झाली, की त्या घरी फोन करायचा आणि माणूस आहे की नाही ते विचारायचं, हे तिचं काम. ऑपरेशनआधी रक्तात प्रथिनं किती, पांढऱ्या पेशी किती, वजन किती उतरलेलं, यावरून मोठ्या डॉक्टरांचं गणित माणसांच्या दोन रांगा लावायचं, जगणाऱ्यांची हिरवी आणि जाणाऱ्यांची लाल. हे काका लाल रांगेतले. लाल रांगेतलं आजवर कुणी फोनवर आलं नव्हतं. सुरुवातीला ती बापडी “काका कसे आहेत?” असं विचारायची आणि पलीकडे रडारड व्हायची. म्हणून तिने हे सुटसुटीत वाक्य बसवलं होतं.

“माफ करा काका, चुकलंच माझं. तब्येत बरी आहे ना?”

“ठणठणीत. पण पोरी, खरं सांग. मी जाणार असं तुमच्याकडे ठरलं होतं का?”

वेळ मारून नेण्यात ती एरवी पटाईत. आज ते जमेना. “रक्त फार अशक्त होतं तुमचं,” ती शेवटी म्हणाली. “तेव्हा वाटलं होतं तसं.”

“मला तर कुणी बोललं नाही.”

बोलणार कसं? तिथली रीतच तशी होती. पेशंटला धीर द्यायचा आणि घरच्या एका माणसाला बाहेर बोलावून काय ते सांगायचं.

“हिला सांगितलं होतं?”

ती नुसते कागद चाळत राहिली. काकांना काय समजायचं ते समजलं. चांगल्या हिंडत्याफिरत्या माणसाला आपण आत्ता खुर्चीत बसून मारलं, असं तिला वाटलं.

“रोज सकाळी दोन अंडी,” काका अगदी हळू बोलू लागले. “चार वर्षं. काय काय बोललोय मी तिला! एकदा तर बशी भिरकावली. तर ही उठली, दुसरी दोन उकडून घेऊन आली.”

तेवढ्यात मागून बाईचा खणखणीत आवाज आला. “अहो, अंडी गार होतायत! नाटकं नकोत आज, दोन्ही संपवायची. कोणाचा फोन आहे एवढा?”

इकडे तिने पेन खाली ठेवलं.

“राँग नंबर,” काका म्हणाले.

पण काकांकडून फोन बंद करायचा राहिला. टेबलावर बशी टेकल्याचा आवाज आला. मग नुसतं चावणं ऐकू येत होतं.

“आज गपगुमान खाताय?” बाईचा आवाज एकदम उतरला. “बरं वाटत नाहीये का तुम्हाला?”

“अजून एक आहे का गं?” काका म्हणाले.