मानेतली कळ

पुतणीच्या साखरपुड्याच्या पंगतीत मृणाल मान मागे टाकून हसली, आणि समोर बसलेल्या धनाजीने हातातला घास ताटात ठेवून स्वतःची मान दाबली. मृणालच्या नवऱ्याला, शिरीषला सगळं कळलं. त्याचं डोकंच फिरलं.

मृणालचा लिम्फोमाचा कॅन्सर गेला होता, पण किरणोपचारांनी भाजलेल्या मानेतली कळ जात नव्हती. दवाखान्याने तिला एक छोटी चकती दिली होती; ती जो कानामागे लावेल त्याच्याकडे ती कळ जायची, आणि तेवढा वेळ मृणाल मोकळी. नवरा जिवंत असताना तिने ती चकती खालच्या मजल्यावरच्या धनाजीला दिली होती!

"मी काय मेलोय?" हात धुताना शिरीष तिच्या अंगावर गेला.

"तुला दिली होती की. आल्यागेल्याला सांगत बसायचास, बायकोसाठी किती सोसतोय बघा. वर शेक मीच द्यायचा. धनाजी गप्प सोसतो."

गप्प! शिरीषला तेच झोंबलं. तो तडक धनाजीकडे गेला. "काढ ती. माझ्या बायकोचं दुखणं माझं आहे."

"दे त्याला," मृणाल म्हणाली.

चकती लावताच मानेत निखारा ठेवल्यासारखं झालं. शिरीषने दात आवळले. हूं की चूं केलं नाही. तेवढ्यात व्याही आले.

"काय हो, बरं नाही का?"

"छे! हिचं दुखणं घेतलंय जरा."

मृणालने त्याच्या कानामागची चकती उपटून पर्समध्ये टाकली. तिची मान एका बाजूला आखडली. तशीच ती व्याह्यांना मठ्ठा वाढायला गेली.