श्वास वीस

"किती दिवसांनी शांत झोपलेत बघा, सिस्टर." मावशीने नवऱ्याच्या पायांवर चादर ओढली. पाचच्या फेरीला आलेल्या सुवार्ता सिस्टरची नजर ऑक्सिजनच्या मीटरवर गेली. सकाळी तिने दोनवर ठेवलेली मीटरमधली गोळी आता दहावर नाचत होती.

"मीच वाढवला, जेवणाच्या वेळेला. शेजारच्या आजींना दहा आणि यांना दोनच. जीव तुटत होता माझा."

विड्या ओढून पोखरलेल्या अशा छातीला ऑक्सिजन जास्त झाला, की माणूस गुंगतो आणि हळूहळू श्वास घ्यायचंच विसरतो. हे मावशीला समजावून सांगायला कुणालाच सवड झाली नव्हती. सिस्टरने मावशीच्या नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. सहा.

डॉक्टर धावत आले, घशात नळी घातली, छाती दाबली. दिवेलागणीला सगळं संपलं.

"हात लावू नका म्हणून बजावलं होतं ना?" डॉक्टर मावशीवर कडाडले आणि नोंदींचा तक्ता पुढे केला. "तीन वाजेपर्यंत माणूस ठीक होता. हे बघा, श्वास वीस!"

अक्षर सिस्टरचंच होतं. तीनला तिने दारातूनच त्यांना झोपलेलं पाहिलं होतं, आणि वॉर्डातल्या अठ्ठावीसही जणांच्या रकान्यात न मोजता वीस लिहून टाकले होते. रोजच लिहायची. सगळ्याच लिहायच्या. तीनला जवळ गेली असती, तर दहावरची गोळी तेव्हाच दिसली असती.

मावशीने तिचा हात घट्ट धरला. "तुम्ही तीनला मोजलात, तेव्हा चांगला होता ना हो श्वास? म्हणजे मीच मारलं यांना."

"हो, मावशी," सिस्टर म्हणाली, "वीस होता."