फेरतपासणीचा कागद

शाळेच्या मुख्याध्यापिका दळवीबाईंनी फेरतपासणीचा कागद टेबलावर ठेवला, तशी हेमांगीने लेकीला पुढे केलं. "रेणू, वाच बाळा. तूच वाच."

रेणू नऊ वर्षांची होती. पहिलीत जाण्याआधी प्रत्येक मुलाच्या मेंदूची तपासणी व्हायची आणि ते मूल काय शिकेल, हे यंत्र सांगायचं. रेणूला कधीच वाचता येणार नाही, असं त्याने सांगितलं होतं. त्यामुळे शाळेने तिला वाचनाच्या तासाला बसूच दिलं नाही. हेमांगीने दोन वर्षं घरीच, भाजी निवडता निवडता, तिला अक्षरं शिकवली.

रेणूने कागदावर बोट ठेवलं. "वा...चन... अ...शक्य. सां...भाळ...वर्गात... पाठवावे."

दळवीबाईंनी चष्मा काढला. "अगंबाई, वाचतेय की!"

"मग बदला ना हे, मॅडम!"

"यंत्राचा निकाल मला खोडता येत नाही हो. फेरतपासणीही एकदाच मिळते. सांभाळवर्गात शिकवत नसले, तरी मुलांना दिवसभर सांभाळतात तरी. तुम्ही सही केली नाहीत, तर तिथली जागाही जाईल. पोर घरी बसेल."

रेणूचं बोट अजून कागदावरच होतं. "आई, अशक्य म्हणजे काय गं?"

आजवर रेणूने विचारलेल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ हेमांगीने तिला समजावून सांगितला होता.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. मग रेणूचं बोट हळूच बाजूला सारून तिने त्या जागी सही केली.