कानसाहेब

"आता ही शेवटची गाडी," मालकीणबाई म्हणाल्या. "तुमची ती जादू दाखवा आणि मग चढा वर."

सगळं वर्कशॉप तिसऱ्या रॅम्पभोवती गोळा झालं होतं. उद्यापासून तो सर्व्हिस मॅनेजर नव्हता. उद्यापासून तो जनरल मॅनेजर. विक्री, सर्व्हिस, सुटे भाग, सगळ्याचा कारभारी. जिन्यावरची काचेची केबिन त्याची. दारावर पाटीसुद्धा लागली होती. खाली मात्र त्याचं नाव बावीस वर्षं एकच होतं. कानसाहेब.

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनला टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. घटकाभरात तो सांगायचा, हा पट्टा रडतोय, ती कप्पी कण्हतेय, हे बेअरिंग महिनाभराचा सोबती. त्याच्या कानावर घातल्याशिवाय आजारी गाडीचं जॉब कार्ड कुणी भरत नसे.

दोन वर्षांपूर्वी इंजिनांचं ते गाणं थांबलं. एकदम नाही. आधी पट्ट्याची चिवचिव गेली, मग व्हॉल्व्हची टिकटिक, मग बेअरिंगची ती बारीक शीळ, सुईच्या नाकातून ओढल्यासारखी. माणसांचं बोलणं अजून कळत होतं, समोरून बोललं तर नीटच. गाड्यांचं कळेनासं झालं. सकाळी बायको खिडकीशी उभी राहून म्हणायची, "पाखरं काय कालवा करताहेत बघा!" तो "हो ना" म्हणायचा, आणि मुकं आभाळ ऐकत बसायचा. गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

तरी त्याचं निदान एकदाही चुकलं नव्हतं. त्याचं त्यालाच नवल वाटे. मुठीतून नुसती थरथर यायची, आणि हात मात्र इकडेतिकडे फिरून नेमका दुखऱ्या जागी टेकायचा. कान गेले, हात शहाणे झाले, असं त्यानं मनाशी धरलं होतं. पण हातांच्या भरवशावर किती दिवस काढणार? एक दिवस पितळ उघडं पडणार. म्हणून बढतीचं विचारलं तेव्हा तो लगेच हो म्हणाला. लोक म्हणाले, खुर्चीची हौस. त्याला खुर्ची नको होती. वरच्या केबिनची काच जाड होती. तिथं खालचं कुणालाच काही ऐकू येत नसे. तिथं तो चारचौघांइतकाच बहिरा असणार होता.

गाडी शाळेतल्या एका बाईंची होती. "गार असताना ओरडते, तापली की गप्प," त्या म्हणाल्या. "आमच्या सासूबाईंच्या अगदी उलट."

हशा पिकला. म्हाताऱ्या मिस्त्रींनी बॉनेट उघडून गाडी चालू केली. आज त्यांचे कपडे धुतलेले होते आणि लाल फडकं घडी करून खिशात होतं. एरवी ते इंजिनवर कुठंही टाकलेलं असायचं. त्यावरून तो रोज ओरडायचा, "मिस्त्री, पट्ट्यात जाईल ते! हात गमावून बसाल एक दिवस!" मिस्त्री समोर येऊन, तोंड मोठं करून म्हणायचे, "चुकलो, साहेब." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आज सकाळीच त्यानं बजावलं होतं, "मालकीणबाई येणार आहेत. आज तरी फडकं खिशात."

त्यानं टोक टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. थरथर. जागा बदलली. थरथर. दोन जागा झाल्या, तीन झाल्या. शहाणे हात आज वेड्यासारखे भटकत होते. एकदा, फक्त एकदा ती शीळ ऐकू दे, तो मनात म्हणाला. बावीस वर्षांचा शेजार. निरोपाचं अक्षर तरी बोल.

इंजिन बोललं नाही.

"कानसाहेब, तुमच्या आधी कानच वर गेले की काय?" मागून कुणीतरी म्हणालं. मालकीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. त्यानं डोळे उघडले.

समोर, पंपाच्या बाजूला, लाल फडकं पडलं होतं.

"मिस्त्री!" तो सवयीनं ओरडला. "सकाळीच सांगितलं होतं ना?"

"चुकलो, साहेब."

त्यानं फडकं उचललं आणि रोजच्यासारखंच तिथंच टोक टेकवलं. मग सरळ उभा राहिला. "वॉटर पंपाचं बेअरिंग."

मिस्त्रींनी गाडी बंद केली, पट्टा उतरवला, पंपाची कप्पी बोटानं हलवली. ती पडायला आलेल्या दातासारखी डुगडुगली. टाळ्यांचा गजर झाला. त्याला तो लांबून आल्यासारखा वाटला.

त्याचा चहाचा मग आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन मिस्त्री वर आले. केबिनचं दार मिटलं. खाली हातोडी उठत होती, पडत होती. माणसं तोंडं हलवत हसत होती. सगळं विहिरीच्या तळाशी चालल्यासारखं. लाकडी मूठ हातात घेऊन तो काचेपाशी उभा राहिला.

"मला नाही करमायचं इथं, मिस्त्री," तो म्हणाला. "खालचं काहीच ऐकू येत नाही."

मिस्त्री टेबलाला वळसा घालून त्याच्यासमोर आले. नेहमीसारखं तोंड मोठं करून, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "ऐकू तर दोन वर्षं खालीही येत नव्हतं, साहेब. फडकं दिसेल ना इथून?"