गळाने कोरलेले नाव

पोलीस ॲक्शननंतर माझ्या वडिलांविरुद्ध फौजेस खोटी खबर देऊन त्यांना तुरुंगात मरावयास लावणारा धाकटा चुलता सांडू आता सरपंच झाला होता. त्याच्याच जीपमधून आम्ही करमाडहून पितळखोऱ्यास सहकुटुंब गेलो. लेण्यांखालच्या डोहात पिसाची नकली माशी बांधलेला गळ टाकून त्याने मोठा मासा धरला आणि प्राचीन चित्रांच्या लेण्यात शिरताच मला म्हणाला, “तू शिकलेला हायेस. चित्राखाली माझं नाव कोर. हजार वर्सं राहील!” त्या निरक्षराच्याच गळाने मी दगडावर वडिलांचे नाव कोरले. त्याने अक्षरांवरून अभिमानाने हात फिरविला. “वैनी, तुमी साक्षरतेच्या वर्गाला जाता नव्हं? वाचा की मोठ्यानं!” त्याला लहानाचा मोठा करणाऱ्या माझ्या आईने ती अक्षरे सावकाश वाचली व डोईवर पदर ओढला. “धन्याचं नाव म्या कसं घेऊ रं, सांडू?” चुलत्याचा हात अक्षरांवरच थिजला.