सात क्रमांकाचे दोन कागद

‘‘सात क्रमांकाचे दोन कागद आलेत,’’ सोइन्तू म्हणाली. ‘‘यातला तुमचा कोणता?’’

कागदांवर नावाऐवजी क्रमांक होते; हिल्काचा सात. तिनं डावीकडच्या कागदावर बोट ठेवलं. चोवीस प्रश्न. चोवीसही ठिकाणी तीन.

*प्रश्न १. पुढं काय करायचं, याचा मी विचार करून ठेवते. — ३*

एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे पुरेपूर. बदलत्या कामाशी कोणती परिचारिका किती जुळवून घेईल, हे मोजायला सोइन्तू हेलसिंकीहून आली होती. वॉर्ड बंद होणार होता. ज्यांची बेरीज नव्वदच्या वर, त्या खाडीपलीकडच्या नव्या इस्पितळात जाणार. जी खाली राहील, तिनं इथंच, रिकाम्या इमारतीत, फोन घेत बसायचं.

हिल्काचे बहात्तर.

‘‘बाकी आठजणी नव्वदच्या वर आहेत,’’ सोइन्तू म्हणाली.

*प्रश्न ९. मी स्वतःच्या बाजूनं उभी राहते. — ३*

काल कॉफीच्या टेबलावर राइली ओरडली होती, ‘‘स्वतःला पाच? अगं, ते जुन्या मोटारी विकणाऱ्यांनी द्यावेत!’’ सगळ्या हसल्या. तीन देऊ आणि मोकळ्या होऊ, असं ठरलं. हिल्काही हसली. मग नेहमीप्रमाणे कप घेऊन चादरींच्या खोलीत गेली आणि तिनं सगळे तीन भरले.

ते हसण्यावारी न्यायचं होतं, हे तिला आत्ता कळत होतं.

आई गेल्यापासून घरी बोलायला कुणी नव्हतं. दिवसभरात तोंडातून जे काही निघायचं, ते वॉर्डातच. कूस बदला. गोळी घेतली का? उद्या भेटू. एकदा सुट्टीचे चार दिवस घरी काढून ती कामावर आली, तर आवाजच फुटेना. रिकाम्या इमारतीत कुणाचा फोन येणार होता?

‘‘आणि हा दुसरा?’’ सोइन्तूनं उजवीकडचा कागद पुढं सरकवला. ‘‘यावरही सातच आहे. एका क्रमांकाचे दोन कागद आले की दोन्ही बाद होतात. कुणाचा आहे हा?’’

*प्रश्न १४. नवी गोष्ट शिकायला मला वेळ लागत नाही. — ५*

*प्रश्न १५. अवघड काम मी अर्धवट टाकत नाही. — ५*

*प्रश्न १६. माझ्यावर विसंबता येतं. — ५, त्याखाली दोन रेघा*

हिल्कानं चष्मा चढवला. एकोणतीस वर्षं ती औषधांचे तक्ते वाचत आली होती. कुणी कोणता डोस दिला, हे ती सही न पाहता सांगायची. तिरपा, घाईचा पाच राइलीचा. पोट फुगलेला तार्याचा. कागद फाटेस्तोवर दाबून लिहिलेला ओइलीचा. तीन प्रश्न एकीचे, पुढचे तीन दुसरीचे, त्यापुढचे तिसरीचे.

आठ हस्ताक्षरं.

तिच्यासाठी कागद भरल्याचं मात्र एकीनंही सांगितलं नव्हतं. असलं काही तोंडानं बोलायचं म्हणजे इथं भर बाजारात कपडे उतरवण्यासारखं.

तिनं शेवटपर्यंत वाचलं. सगळीकडे पाच, फक्त एका ठिकाणी नाही. तिथं ओइलीनं पेन इतकं दाबलं होतं की आकडा कागदाच्या मागच्या बाजूनंही दिसत होता.

*प्रश्न २३. गरज पडली की मी मदत मागते. — १*

‘‘हिल्का?’’

‘‘हा माझा नाही.’’

‘‘मग दोन्ही बाद,’’ सोइन्तूनं एक कोरा कागद काढला. ‘‘हा भरा. इथंच, माझ्यासमोर. मी घाई करत नाही. कुणाला काही विचारायचं असेल तर खुशाल विचारा. फक्त पेन तुमच्या हातात हवं.’’

हिल्कानं पेन घेतलं. पहिल्याच ओळीवर हात आपसूक तीनकडे गेला. तिनं तो मागे ओढला. पुन्हा टेकवला. पुन्हा तिथंच गेला. भिंतीवरच्या घड्याळात पाच मिनिटं गेली आणि कागद कोराच राहिला.

ती उठली. दार उघडलं. व्हरांड्याच्या टोकाला ओइली औषधांची गाडी ढकलत चालली होती, पाठमोरी. हिल्कानं हाक मारायला तोंड उघडलं. पहिल्यांदा आवाज निघालाच नाही.

‘‘ओइली,’’ ती म्हणाली, ‘‘जरा येतेस का गं? मला हे एकटीला जमत नाहीये.’’