कापले की दाट येतात

उवांचं निमित्त करून शाळेने ताशिनाची कमरेपर्यंतची वेणी कापली, घरी एका शब्दाने न विचारता. उवा निघाल्या होत्या बॉयकटवाल्या पोरीच्या डोक्यात.

दुसऱ्या दिवशी ताशिनाची आजी, अमेरिकेतल्या लाकोटा या आदिवासी जमातीतली, ती वेणी शालीत गुंडाळून शाळेत आली.

“अहो आजी, एवढं काय त्यात? कापले की दाट येतात केस!” मुख्याध्यापिका हसल्या.

“थापा मारू नका, बाई. आमच्यात घरचं माणूस गेलं तरच केस कापतात. काल पोर तशी दारात उभी राहिली आणि मी फोनकडे धावले. मुलगा, सून, भाऊ, एकेकाला फोन लावला. सगळे जिवंत आहेत.”

आजीने वेणी त्यांच्या टेबलावर ठेवली.



“आता तुम्ही सांगा, मेलं कोण?”